सामंत बाईंचा तीन फुटी समुद्र

मासळी बाजारात गेलेला माणूस माशाचे कल्ले उघडून बघतो. लाल असले की मासा ताजा. सामंत बाई कल्ल्यांकडे वळायच्याच नाहीत. त्या दोन बोटांनी माशाचा जबडा फाकवायच्या आणि आत किती जागा आहे ते बघायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, मालाडच्या बाजारात, माझ्या आयच्या पाटीसमोर.

आय मढहून मासळी घेऊन मालाडला बसायची. माझी बी.एस्सी. नुकतीच झाली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि ही गोष्ट कुणी विचारली नाही तरी मी सांगत असे. अजूनही सांगतो. त्या दिवशी आयचा डबा घेऊन गेलो, तर जाड चष्म्याच्या, खांद्याला शबनम अडकवलेल्या एक बाई पाटीवरचे मासे ओळीने मांडून एकेकाचं तोंड उघडत होत्या.

"बाय, घेवाचं नाय तं तोंडा कशाला उघरतंस?" आयने विचारलं. "दात काराचे हाईत का त्यांचे?"

"घेणार आहे हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण कोण कोणाला गिळू शकतो ते आधी बघू दे."

आयने माझ्याकडे पाहिलं. "शिकलेली दिसतं," ती म्हणाली, "सोर तिला." मी डबा पुढे केला. शिकलेला मीही होतो.

पुढच्या जूनमध्ये मालाडच्याच एका शाळेत मला शिक्षकाची नोकरी लागली. प्रयोगशाळेत गेलो, तर त्याच बाई बाह्या वर सारून काचेच्या एका टाकीत हात घालून उभ्या. जीवशास्त्र शिकवायच्या. माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं. राग आला किंवा माया आली की बोलण्यात मालवणी उतरायची. एरवी बोली पुस्तकी, पण वाक्यं तोडून टाकल्यासारखी.

टाकी तीन फूट लांब होती. त्यांना तिच्यात खाऱ्या पाण्याचे मासे ठेवायचे होते, तेही एक नाही, पाच-सहा जातींचे, एकत्र, न मरता. गोड्या पाण्यातले सोनेरी मासे तेव्हा निम्म्या मालाडच्या घरांत होते. समुद्राचे मासे असे कुणी ठेवत नसे, कारण ते जगत नसत. मुख्याध्यापकांनी अट घातली होती: वार्षिक प्रदर्शनापर्यंत मासे जगले तर खिडकीजवळचं ते टेबल कायमचं बाईंचं, नाही तर तिथे शिवणाच्या वर्गाची यंत्रं येणार. एक वर्ष बाईंचं आधीच वाया गेलं होतं. काळ्या पट्ट्यांचे दोन पिवळसर मासे त्यांनी जोडी म्हणून सोडले होते. एकाने दुसऱ्याचे पर कुरतडून त्याला कोपऱ्यात उपाशी मारला, आणि मग उरलेल्यांच्या मागे लागला.

"माझीच चूक," बाई म्हणाल्या. "एका वर्दीचे दोन कधी ठेवू नयेत. परक्याशी मासा एवढा भांडत नाही. भांडतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्याशी."

मढचा आहे कळल्यावर त्यांनी मला परस्पर कामाला लावलं. नावाने हाक मारणं त्याच दिवशी थांबलं. मी 'नाखवा' झालो. अमावास्येच्या ओहोटीला आमच्याकडचे खडक लांबवर उघडे पडतात आणि खळग्यांत बारकी मासळी अडकून राहते. बाई नऊवारी नेसल्यासारखा पदर खोचून त्या शेवाळावरून चालायच्या. हातात चहाची गाळणी. दिसेल तो मासा गाळणीत घ्यायच्या, काचेच्या बरणीत सोडून निरखायच्या आणि दहातले नऊ परत पाण्यात.

"हा सुंदर आहे, बाई," मी एकदा म्हटलं.

"सुंदर आसा म्हणान घरात घेवचो? तुझ्या आवशीक सून बघताना अशीच बघशील?" आणि बरणी पालथी.

पाणीही मढचंच. पाऊस सरला की दोन कॅन भरून आम्ही बसने मालाडला न्यायचो. त्या भागातून कॅनमध्ये हातभट्टीची येते हे कंडक्टरला ठाऊक होतं.

"काय आहे आत?" त्याने विचारलं.

"समुद्र," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मस्करी नको. माल असेल तर उतरा."

बाईंनी झाकण उघडून कॅन पुढे केला. "घ्या, चाखा. एक घोट घेतलात तर दोघांचं तिकीट मी पुन्हा काढते." कंडक्टरने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुढे गेला. त्यानंतर आम्ही दिसलो की तो ओरडायचा, "समुद्रवाले, मागे सरका."

शाळेतले माझे सुरुवातीचे दिवस चांगले नव्हते, तेही सांगतो. शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाची जागा ठरलेली. मी आत आलो की कुणीतरी खिडकी उघडायचं आणि म्हणायचं, "आज बाजाराचा वास येतोय." उत्तर माझ्या जिभेवर होतं, शिव्यांसकट. मी ते देणार हे बाईंनी ओळखलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतली सगळी टेबलं फिरवलेली होती. कपाटाखाली वाळवी दिसली, असं बाईंनी जाहीर केलं. सगळेच आपापली जागा शोधत हिंडले. पंख्याखालचा माणूस दाराशी गेला, खिडकीवाला भिंतीशी. खिडकी माझ्या वाट्याला आली. वासाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्याच दिवशी दुपारी टाकीत नवा मासा सोडायचा होता. बाईंनी आधी आतले सगळे दगड उचलून वेगळे रचले.

"जुन्याला वाटतं, हा दगड माझा, ही कपार माझी. नवा आला की तो राखणीला उभा राहतो. दगडच हलवले की दोघंही नवे. मग मारामारी करायला कुणाचं घरच उरत नाही."

माझ्या लक्षात आलं. "म्हणजे तुम्ही मला मासा समजलात?"

"मढचो मां तू? मग वाईट काय त्यात?"

त्या वर्षी टाकी त्यांनी घाई न करता भरली. आधी महिनाभर नुसतं पाणी, तळाला शिंपल्यांचा चुरा आणि हवेचा पंप. मग सगळ्यात भित्रा: दगडाला चिकटून बसणारा एक मातकट मासा. मुलांनी त्याचं नाव 'बैठा' ठेवलं. मग बिळातून फक्त डोकं काढून बघत राहणारा एक. ती 'खिडकीतली काकू'. मग शंखात राहणारा खेकडा, साफसफाईला. मग तीन चपटे चंदेरी मासे, जे एकटे असले की झुरतात, म्हणून तिघं. पट्टेवाला 'हवालदार' एकच, आणि तोही अगदी शेवटी. "दांडग्याला शेवटी बोलवायचं," बाई म्हणायच्या. "तो आधी आला तर यजमान होतो. शेवटी आला तर पाहुण्यासारखा वागतो." खायला करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, बारीक चिरून, टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी, म्हणजे हवालदाराला दोन्हीकडे जाता येऊ नये.

नारळी पौर्णिमेला माझी आय शाळेत नारळीभात घेऊन आली. टाकी तिने पहिल्यांदाच पाहिली. "ह्यो आपला दर्या?" तिने विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं आणि डबा ठेवायला वळलो. तेवढ्यात तिने पिशवीतून हळदकुंकू काढून पाण्याला वाहिलं, हात जोडले आणि नारळ आत सोडला.

पाणी काठावरून सांडलं. काकू बिळात गडप झाली. हळदीचा पिवळा ढग हळूहळू खाली उतरायला लागला. मी आयवर ओरडणार होतो. बाईंनी माझ्या तोंडापुढे हात धरला आणि म्हणाल्या, "आधी कॅन आण." पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि निम्मं गोडं होतं, म्हणून जिन्याखाली त्यांनी मे महिन्यातलं पाणी साठवून ठेवलेलं. ते बहुतेक सगळं त्या दुपारी संपलं. आम्ही मगांनी टाकी उपसली आणि भरली. आय भिंतीशी उभी.

"दर्याला चालतं, तं याला का नाय?" तिने शेवटी विचारलं. आवाज रडवेला होता.

बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "वयनी, दर्याचा पोट मोठा. त्येका काय पण घाल, पचता. ह्येचा पोट तीन फूट." मग नारळ पुसून त्यांनी टेबलावर ठेवला. "पण दिलास तो दर्यालाच. मी प्रसाद वाटते." नारळ वर्गावर्गात वाटला गेला. मासे सगळे वाचले. त्यानंतर आय दर आठवड्याला करंदीचा वाटा वेगळा काढून ठेवायची आणि बाईंनी पैसे पुढे केले की रागावायची.

डिसेंबरात प्रदर्शन आलं. मासे जगले होते. हवालदारासकट सगळे एका पाण्यात. मुख्याध्यापक स्वतः पाहुण्यांना टाकीपाशी घेऊन येत होते. टेबल बाईंचं झालं, असं आम्ही धरून चाललो. मग शाळेचे अध्यक्ष आले. त्यांच्यामागे नोकराच्या हातात पाण्याने भरलेली मोठी प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत पिसारा फुलवल्यासारखा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. क्रॉफर्ड मार्केटातून मुद्दाम आणलेला. असा देखणा मासा मीही पाहिला नव्हता, आणि मी कोळ्याचा मुलगा आहे.

"बाई, तुमच्या टाकीला एक राजा हवा होता," अध्यक्ष म्हणाले. "सोडा आत. मुलांना बघू दे."

बाईंनी पिशवी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. मासा शांत तरंगत होता. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "साहेब, फार सुंदर आहे. याला वेगळी टाकी द्या, मी जिवापाड सांभाळीन. यांच्यात नाही सोडता येणार."

"का? समुद्रात नाही का राहत सगळे एकत्र?"

"समुद्रात पळायला जागा असते. इथे नाही."

मुख्याध्यापकांनी बाईंना बाजूला घेतलं. मी जवळच होतो, म्हणून ऐकलं. "एक दिवस, बाई. फक्त आजचा. उद्या सकाळी काढून टाका. टेबल तुमचं, मी शब्द देतो."

"तो दिवसभर नाही खात, सर. एकदाच खातो. तीन चंदेरी आणि बैठा, एवढं त्याच्या तोंडात जातं. काकूही जाईल."

"मासेच आहेत हो शेवटी."

"होय," बाई म्हणाल्या. "मीच आणलेत ते इथे. त्यांनी नव्हतं सांगितलं आणायला."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी अध्यक्षांच्या नोकराला परत दिली, पोर परत देतात तशी सांभाळून. अध्यक्ष हसले, पण ते हसणं तिथेच संपलं. सोमवारी निरोप आला: टेबल आठवडाभरात रिकामं करावं.

शिक्षकांच्या खोलीत दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. बाई हट्टी, असं बहुतेकांचं मत. मी तेव्हा उभा राहून सांगितलं की हट्ट आणि हिशेब यात फरक असतो, आणि बाईंचा हिशेब चुकलेला नाही. माझ्या नोकरीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

रविवारी आम्ही बरण्या घेऊन मढला गेलो. माशांना टाकीसकट लगेच दुसरीकडे हलवता आलं नसतं. टाकी हलली की तिचं पाणी पुन्हा नवं होतं, आणि ते मुरेपर्यंत मासे टिकत नाहीत. ओहोटी होती. जो जिथून उचलला होता, तिथे बाईंनी त्याला सोडला. काकूला तिच्यासारख्याच एका भोकापाशी. चंदेरी तिघांना एकदम, एकाच बरणीतून. हवालदार सगळ्यात शेवटी. तो सुटला आणि लगेच दुसऱ्या एका पट्टेवाल्याच्या मागे लागला.

"मेलो सुदारचो नाय," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच चष्मा पुसला.

मला राहवलं नाही. "दोन वर्षं गेली, बाई. सगळं गेलं."

"काय गेलं?" त्या माझ्याकडे वळल्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. बाईंचं घर म्हणजे चाळीतली दीड खोली. यजमान गिरणीत होते, संपानंतर घरीच असायचे. "मासे त्यांच्या घरी गेले. टाकी माझी आहे, ती माझ्या घरी जाईल. यांची खाट भिंतीला आडवी लावली की बरोबर बसते, काल मापून घेतलंय."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, पाय लांब करून झोपायला मिळणार नाही." त्यांनी रिकाम्या बरण्या एकात एक घातल्या. "मी म्हटलं, गुडघे मुडपून झोपा. पुढची अमावास्या कधी रे, नाखवा?"