साडूभाऊंचा पहिला प्रश्न

माणसाची खुशाली त्याच्या पोटापासून विचारावी, यावर माझ्या साडूंइतकी श्रद्धा असलेला इसम उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. लोक विचारतात, ‘बरं आहे ना?’ हे विचारतात, ‘सकाळी झालं का?’ माझ्या मेव्हणीला बघायला आले तेव्हाही सासऱ्यांना वाकून नमस्कार करत त्यांनी हेच विचारलं. सासरे इतके गांगरले की खरं उत्तर देऊन बसले, आणि लग्न ठरलं. घराणं मेंढ्या राखणारं. वडील उजाडताच आधी लेंड्या बघायचे, मग मेंढीचं तोंड. साडूंनी डॉक्टरेट केली, पण मेंढ्यांच्या जागी उंदीर आले एवढाच काय तो फरक.

हे उंदीर चिकलठाण्याच्या एका प्रयोगशाळेतले, सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आनुवंशिक रोग घेऊन जन्मलेले. त्यांच्या आतड्यातला चिकटा घट्ट होऊन पोट तुंबतं, म्हणून पाण्यात रेचक घालावं लागतं, नाहीतर मरतात. एका वर्षी दुष्काळ पडला; शहरात रोज नवी अपार्टमेंट उभी राहत होती आणि नळ मात्र आठवड्याने उगवत होता. प्रयोगशाळेची बोअर आटली, तेव्हा साडू आपल्या वाट्याचं टँकरचं पाणी गाळून, औषध घालून, कॅन स्कूटरवरून नेऊ लागले. आम्ही एकाच इमारतीत राहायचो. सोसायटीचे सेक्रेटरी भडकले, “माणसं तहानली अन् तुम्ही उंदरांला पाजता व्हय?”

एका सकाळी जिन्यातला कॅन गायब झाला. दुपारपर्यंत सेक्रेटरींच्या संडासाचं दार उघडेना. समाजहितासाठी जप्त केलेल्या पाण्याचे त्यांनी तीन पेले रिचवले होते. साडू दाराबाहेरून म्हणाले, “काका, भिऊ नका, लई साफ व्हाल. पण माझे उंदीर उद्यापर्यंत टिकायचे नाहीत.” आतून क्षीण आवाज आला, “अगं, आपला माठ दे त्यांना!” त्या दिवसापासून प्रत्येक घरातून उंदरांसाठी एक तांब्या निघू लागला.

उंदरांना एवढं का जपता, असं मी विचारलं तेव्हा साडू हळूच बोलले. “बहिणीचं पहिलं लेकरू. जन्मलं अन् झालंच नाय. पोट फुगत गेलं. घरचे नजर उतरवत बसले अन् लेकरू गेलं. कपाळाचा मुका घेतला तर खारट लागायचं, हीच या रोगाची खूण. मला तवा कुठं ठावं होतं? उंदराचं पोट सगळं सांगत नाय, पण तुंबतं कसं, ते तर दाखवतं.” ती बहीण पुन्हा गरोदर होती.

त्याच उन्हाळ्यात तिला चितेगावहून औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. अख्ख्या शहराला तो प्रश्न विचारणारा माणूस बाकावर बसून राहिला. नर्स समोरून गेली तरी तोंड उघडेना. मला ते बघवेना. शेवटी मीच विचारलं, “सिस्टर, बाळाला झालं का?”

“व्हय की, सकाळीच!”

साडू उठले. “एवढ्यानं सगळं कळत नाय, तपासण्या राहिल्यात,” असं पुटपुटत त्यांनी बाळाच्या कपाळाला ओठ लावले आणि एकदम पांढरेफटक पडले.

“खारट लागतंय हो!”

“अहो,” मी म्हणालो, “आधी डोळे पुसा आणि मग चाखा.”