पाचवीपर्यंतचा पाला

आमच्या सुभद्राकाकूला मी कधी रिकाम्या हाताने बसलेली पाहिली नाही. बाई पंचावन्नची, गुडघे गेलेले, पण जीव लावायची सवय दांडगी. कोंबडीचं पिल्लू असो की शेजारणीचं पोर, काकूच्या हातात आलं की तगलंच म्हणायचं. गावात रेशमाची महिला सहकारी संस्था निघाली तेव्हा चौदा बाया सभासद झाल्या, आणि अळ्या सांभाळायचं काम न विचारताच काकूकडे गेलं. संस्थेची शेडही तिच्याच वावरात होती. कागद वाचायला-लिहायला म्हणून सचिव मी. बाया मला मान द्यायच्या आणि मी तो घ्यायचो, त्यात कसर केली नाही.

दोन वर्षं बरी गेली. मग पाऊस गेला. दुष्काळ आमच्या पाचवीलाच पुजलेला, त्यामुळे पहिल्या वर्षी कुणी रडलं नाही. दुसऱ्या वर्षी तुती मुळासकट वाळली. लिंबागणेशच्या बाजूला जनावरांची छावणी लागली, गावात टँकर आला, आणि शेडमधल्या रिकाम्या मांडण्यांवर कोळ्यांनी संसार थाटले.

काकूला घोर होता तो सुनेचा. वत्सलाला पाचवा महिना लागला होता. तिचा नवरा शहादेव, काकूचा एकुलता लेक. संस्था चालली तर नवराबायको दोघांना शेडवर काम होतं. नाही चालली तर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं. मुकादम कोयता मोजतो, म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला विचारत नाही. पहिल्या खेपेला वत्सलाचं मूल उसाच्या फडातच आठव्या महिन्यात गेलं होतं. "औंदा ती ट्रकात चढनार न्हाई," काकू ज्याला त्याला सांगायची. जणू ट्रक तिच्या मालकीचा होता.

तेवढ्यात मीच एक गोष्ट आणली. तालुक्याला कळलं, एक कंपनी अळ्यांसाठी तयार खाद्य करते. तुतीच्या पाल्याची भुकटी, सोयाबीनचं पीठ आणि काय काय घालून शिजवलेलं. दिसायला हिरव्या खरवसासारखं. पाला लागतच नाही. मी अर्ज केला, चाचणी म्हणून खाद्याची खोकी आणि पन्नास अंडीपुंज, म्हणजे अळ्यांच्या अंड्यांचे पुंजके, मिळाले. सोबत मराठीत छापलेला दोन पानी कागद होता.

शेडमध्ये बाया गोळा करून मी तो वाचून दाखवला. वाचून दाखवला म्हणजे काय, उड्या मारत वाचला. पाहुण्यांकडे जेवायचं होतं आणि मला उशीर होत होता. "अंड्यातून निघाल्यापासून पहिला घास याच वडीचा. पाला अजिबात द्यायचा नाही," एवढं सांगितलं.

काकूने विचारलं, "कावून? लई कोवळ्या असत्यात त्या."

"कंपनीचा नियम हाय, काकू. आपुन कावून म्हनून इचारायचं नसतं."

कारण खालच्याच ओळीत होतं. मी वाचलं नाही.

काकूच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर तुतीची तीन झाडं जगली होती. हिरवी, गावात तेवढीच. अळ्या निघाल्या, मुंगीच्या डोक्याएवढ्या, काळ्या. काकूने मनाशी ठरवलं की पाचवीपर्यंत लेकराला आईचंच दूध पाहिजे. सटवाई पाचव्या दिवशी नशीब लिहून जाते, तोवर परकं अन्न कशाला? पाच दिवस ती भल्या पहाटे कोवळी पानं तोडायची, भाजी चिरावी तशी बारीक चिरायची आणि मांडणीवर पसरायची. बाया येण्याआधी वरून वडीचे काप ठेवायची. मी रोज जायचो, वडीखालचा पाला न दिसता अळ्या वाढताहेत एवढं बघायचो आणि स्वतःवर खूश होऊन परत यायचो. संस्थेच्या अध्यक्षीणबाई रुक्मिणीबाई तर नारळ फोडून गेल्या.

सहाव्या दिवशी झाडांवर पान उरलं नाही. काकूने नुसती वडी दिली.

अळ्यांनी तोंड लावलं नाही. वडीवरून चालत गेल्या, काठावर जाऊन मान वर करून डुलत राहिल्या. काकूने वडी किसून पाहिली, पातळ करून पाहिली, झाडाचे देठ त्यावर चोळून पाहिले. सातव्या दिवशी मी मोटारसायकल घेऊन घाटनांदूरपर्यंत गेलो. तिथे एकाची विहिरीवरची तुती होती असं ऐकलं होतं. एक पिशवी पाला मिळाला. तो दुपारपर्यंतही पुरला नाही.

मग कंपनीच्या साहेबाला फोन लावला. त्याने पहिलंच विचारलं, "आधी पाला दिला होता का?"

"छे, छे," मी म्हणालो. "आमची माणसं अशी न्हाईत."

माझ्यामागे काकू उभी होती. ती म्हणाली, "दिलाय. पाच दिस."

साहेब म्हणाला, "मग आता त्या वडी खाणार नाहीत. सुरुवातीला पाल्याची चव लागली की उपाशी मरतील, पण वडीला तोंड लावणार नाहीत. कागदात स्पष्ट लिहिलंय."

नवव्या दिवशी मेलेल्या अळ्या झाडूने गोळा केल्या. काकू रडली नाही. मांडणीवरच्या पाट्या धूत राहिली, धुतलेल्या पुन्हा धूत राहिली.

साहेब माणूस मात्र सरळ. खाद्य शिल्लक आहे, अंडी पुन्हा पाठवतो म्हणाला, फक्त संस्थेचा ठराव द्या. रुक्मिणीबाईंनी मीटिंग घेतली. बाया तापलेल्या. "सांगून बी ऐकलं न्हाई." "तिच्या हातात पुन्यांदा न्हाई द्यायचं." आणि दुसरं कुणी जबाबदारी घ्यायला तयार नव्हतं. काकू खाली मान घालून बसली होती. तो कागद माझ्या खिशात होता. काकूने कारण विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बाया मला चार शिव्या देऊन काकूला पुन्हा शेड देऊन मोकळ्या झाल्या असत्या. मी मूग गिळून बसलो. सचिवपद जाईल याची भीती वाटली, दुसरं काही नाही. ठराव झाला की अंडी नकोत.

दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रक आला. काकू डोक्याला फडकं बांधून, गाठोडं घेऊन तयार. म्हणाली, "सुनंच्या जागी मी येते. मायलेकाचा कोयता धर."

मुकादम हसला. "काकू, डोक्यावर मोळी घिऊन फळीवरून चढून दावा बरं."

काकूने खरंच ट्रकाच्या फळीवर पाय दिला. दुसरा पाय उचलेचना. शहादेवने तिला धरून खाली उतरवलं आणि तिच्या हातातलं गाठोडं वत्सलाकडे दिलं. वत्सला पोटाला हात लावून वर चढली.

ट्रक गेल्यावर काकू रस्त्याच्या कडेलाच बसली. मला राहवलं नाही. शेजारी बसून सगळं सांगितलं. कागदातली ओळ, पाहुण्यांकडचं जेवण, मीटिंग, भीती, सगळं. म्हणालो, "काकू, चूक माजी हुती. तुजी न्हवती."

ती रस्त्याकडे बघत होती. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"ह्ये मीटिंगीत बोलायचं हुतंस, गहिनीनाथ," ती म्हणाली. "आता मला सांगून ती खाली उतरनार हाय का?"