पुदिना जागा करताना

आमच्या मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या परसात उतरायचं, आणि ते जिथं मुरायचं तिथं आईचा पुदिना होता. एक खाट टाकली तर झाकून जाईल एवढीच जागा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून चार मुळ्या आणल्या होत्या, त्यांचा हा सगळा पसारा. विकत आणलेला पुदिना जगत नाही असं तिचं ठाम मत होतं. कुणाकडे जगलेला दाखवला असता तरी तिनं ते मान्य केलं नसतं.

महाळुंगे पडवळचं आमचं घर आठवायला गेलं की मला आधी भिंती किंवा दारं आठवत नाहीत, तो वास येतो. उन्हाळ्याची दुपार, आतल्या खोलीत अंथरलेली वाकळ, आणि मागच्या दारातून हळूच आत येणारा पुदिना. मी त्या वासात तासन्‌तास पडून असायचो. झोप लागलेली नसायची आणि जागही नसायची. कौलातल्या काचेतून पडलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत भिंतीला चिकटेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसे. माझा अभ्यास याच पद्धतीनं झाला, त्यामुळे बारावीत जे व्हायचं ते झालं.

मग पुण्यात एका हॉटेलात लागलो. आधी बशा पुसल्या, मग टेबलांवर वाढलं, आणि हात स्थिर आहे असं कुणाच्या तरी लक्षात आल्यावर मला बारच्या काउंटरमागे उभं केलं. काम मला मनापासून आवडलं. बर्फ, लिंबू, साखर, काचेवर धरणारं दव, सगळं आवडलं. पण आईला काय सांगायचं? "हॉटेलात काय करतोस रं?" असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सरबतं करतो." अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी चार वर्षं दडवून ठेवलं.

त्याचं कारण माझा मामा. आईचा एकुलता एक भाऊ, आणि तो दारूनं गेला. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी पिऊन बसलं तर आई भरल्या ताटावरून उठायची. दारूसारखा वास येणारं खोकल्याचं औषधही घरात चालत नसे. वडील पारगावच्या साखर कारखान्यात पाळीवर जात, त्यांच्या कानावर माझं खरं काम गेलं होतं. "तुझ्या आईला कळू देऊ नको म्हंजी झालं," एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

महिन्या-दोन महिन्यांनी मी घरी यायचो आणि परत निघताना आई पुदिन्याची मोठी जुडी ओल्या फडक्यात बांधून द्यायची. हॉटेलात पुदिना म्हणजे चटणी, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी फक्त नाही म्हणालो नाही. जुडी पुण्याला जायची आणि संध्याकाळी ग्लासांतून लोकांच्या पोटात. पुढच्या खेपेला ती पायरीवरच विचारायची, "कशी झालती चटणी?"

"लोक बोटं चाटत व्हते," मी म्हणायचो.

एवढ्या एका वाक्यावर तिनं आख्ख्या आळीला सांगितलं, की पुण्याच्या मोठ्या हॉटेलात माझा पुदिना जातो. बायका मला थांबवून विचारायच्या. मीही मान डोलवायचो. मला स्वतःची लाज वाटायची, आणि दर खेपेला जुडी घ्यायलाही मी विसरायचो नाही.

अशात एका उन्हाळ्यात मॅनेजरनं ठरवलं, की कार्डावर पुदिन्याचं एक नवं पेय हवं, आणि तेही टकिला या परदेशी दारूचं. काउंटरवर मी आणि आणखी एक पोरगा, असे दोघं होतो. ज्याचं पेय चांगलं, त्याचं लागणार. माझी चार दिवसांची सुट्टी आली होती. टकिलाची अर्धी उरलेली बाटली मॅनेजरनं मला घरी करून बघायला दिली. खोलीवर आम्ही चौघं राहायचो, तिथं ती बाटली एक रात्रही टिकली नसती. ती कपड्यांत गुंडाळून मी घरी आणली आणि ज्वारीच्या पोत्यामागे लपवली. मंचरला उतरल्यावर सोड्याच्या बाटल्या घेतल्या, लिंबं घेतली आणि भुशातला बर्फ गोणपाटात बांधून घेतला. घरी पोहोचेपर्यंत त्यातला निम्मा माझ्या पँटवर वितळला होता.

वडील पाळीवर गेले होते. दुपार टळायची होती. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती आणि मी चुलीपुढच्या फरशीवर सगळं मांडलं. म्हटलं, आधी दारूविना बसवू. लिंबू, साखर, पुदिना आणि मीठ यांचं जमलं, की टकिला नंतर गुपचूप परसात घालून बघता येईल. स्टीलच्या तांब्यात पुदिना टाकला आणि बत्त्यानं चांगला चेचला. हॉटेलात आम्ही असाच चेचायचो. लिंबू पिळलं, साखर, बर्फ, वर सोडा. काचेच्या ग्लासाच्या काठाला लिंबाची फोड फिरवून मीठ लावलं, सरबत त्यात ओतलं आणि ऐटीत आईपुढे धरलं.

तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "कडू हाय."

मला रागच आला. माझं रोजचं काम हेच होतं आणि साहेब लोक माझ्या हातचं मागून घेत होते. म्हणालो, "तुला सवय न्हाई."

"कडू म्हंजी कडू. चेचलास कशापायी त्याला? वैर हाय का?" मेथी बाजूला सारून ती आत आली. पुदिन्याची सात-आठ पानं तिनं डाव्या तळहातावर ठेवली आणि उजव्या हातानं वर एकच टाळी मारली. हात उघडून माझ्या नाकापुढे धरले. "झोपल्याला असतो त्यो. नुसता जागा करायचा. चेचला की कडू व्हतो."

वास असा आला की मी चेचलेला पुदिना मोरीत ओतून दिला. पुढचा ग्लास तिच्या पद्धतीनं केला. एक घोट घेतला आणि वाटलं, मी इतके दिवस भुसा ढवळत होतो.

मग ती दुपार हातातून निसटली. आम्ही ग्लासामागून ग्लास करत गेलो. साखर, मग खडीसाखर, मग गूळ. गुळानं पुदिना दबतो म्हणून गूळ बाद. साधं मीठ, मग सैंधव. लिंबाची साल किसून घालायचं आईच्याच डोक्यात आलं. वीज गेली होती, पंखा थांबला होता, बर्फ तांब्यात बारीक आवाज करत विरघळत होता. परसातून हिरवा वास आत येत होता आणि कौलातल्या काचेतला उन्हाचा तुकडा भिंत चढत होता. आई प्रत्येक ग्लासातला घोट जिभेवर घोळवून मान हलवायची, हो किंवा नाही. एकदा सोडा नाकात गेला तेव्हा पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, की तिचे मागचे दात मला पहिल्यांदाच दिसले. मी तिच्यासोबत माझं काम करत होतो. असं कधी होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी फार सुखात होतो, आणि पोत्यामागची बाटली सारखी डोळ्यांपुढे येत होती.

पाचवा की सहावा ग्लास संपवून ती म्हणाली, "मला एकदा ने की तुझ्या हॉटेलात. माझा पुदिना लोकं कसा खात्यात ते बघीन म्हणते."

तेव्हा मला खोटं बोलवेना. त्या दुपारी तरी नाही.

"आई, तुझा पुदिना चटणीत जात न्हाई. मी बारमध्ये असतो. दारूत घालतो मी त्यो."

तिनं ग्लास खाली ठेवला. "माझा पुदिना?"

"हां."

"कंच्या दिवसापास्नं?"

"पैल्या दिवसापास्नं."

मी उठून पोत्यामागची बाटली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. आता लपवायचं तरी काय. तिनं हात लावला नाही. बाटलीवरच्या चित्राकडे बोट केलं. "घायपात हाय ह्यो."

"तसल्याच झाडाची असती ही."

"घायपाताचे दोर वळत्यात," ती म्हणाली. एवढंच. मग सगळे ग्लास गोळा करून मोरीत गेली. त्यांतल्या एकातही दारूचा थेंब पडला नव्हता, तरी तिनं ते राखेनं दोनदा घासले.

दिवस कलताना ती शेजारी गेली आणि मी परसात धुण्याच्या दगडावर बसलो. बर्फ संपत आला होता, पेय तर करून बघायलाच हवं होतं. पानं तळहातावर ठेवून टाळी मारली. लिंबू, खडीसाखरेचं पाणी, चिमूटभर सैंधव, दोन बुचं टकिला, उरलासुरला बर्फ, सोडा, वर सालीचा कीस. माझ्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं. गार, आंबट, शेवटी घशाशी हलकीशी धग आणि तिच्यावर पुन्हा पुदिना. पण दुसरा घोट घ्यावासा वाटेना. ग्लास कुठं ओतावा कळेना. पुदिन्यात ओतवला नाही. परसाच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी रिता केला. मागं वळलो तर आई दारात उभी होती. ती वळून आत गेली.

निघायच्या दिवशी मी मुद्दाम चपला घालायला वेळ लावला. ओलं फडकं कुठं दिसेना. मला रडू येत होतं, आणि त्या वयात ते दिसू द्यायचं नसतं. तेवढ्यात आई परसातून आली. हातात डालड्याचा जुना डबा, त्यात माती, आणि मातीत मुळांसकट लावलेला पुदिना.

"माझ्या हातचा पाला मी दारूला द्यायची न्हाई," ती म्हणाली. "ह्यो तिकडं लाव. तुझ्या हातानं पाणी घाल. मग त्यो तुझा. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ."

मंचरपासून पुण्यापर्यंत तो डबा मी मांडीवर धरून बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय राव, तुळस का?" मी हो म्हणालो. सवय जात नाही.

माझं पेय कार्डावर लागलं. डबा हॉटेलच्या मागच्या दाराशी नळाजवळ ठेवला होता. एकाचे तीन डबे झाले, मग रांग झाली. दर ग्लासाआधी मी टाळी मारायचो म्हणून काउंटरवरची पोरं मला चिडवायची, हा आधी स्वतःचं कौतुक करून घेतो म्हणून. घरी गेलो की आई विचारायची, "जगलाय का?" मी म्हणायचो, "जगलाय." त्यापुढे ती विचारत नसे. चटणीचं तर नावच नाही. मला तो ओल्या फडक्याचा भार आठवत राहायचा. तिची परवानगी मिळाली होती, पण जुडी बंद झाली होती, आणि मला जुडीच हवी होती.

काही वर्षांनी आमच्या आळीत बंद गटार आलं, दारापुढे नवा नळ आला. मोरीचं पाणी पाइपातून परस्पर जायला लागलं. त्या उन्हाळ्यात वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या आईचा पुदिना गेला. मुळीसुद्धा न्हाई राहिली."

पुढच्या सुट्टीला मी हॉटेलच्या मागच्या दारातल्या डब्यांतून चार मुळ्या काढल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि निघालो. वाटेत मनात तिचंच वाक्य घोळत होतं. माझ्या हातचा, दारूला दिलेला पाला ती परसात का लावून घेईल? फडकं तिच्यापुढे ठेवलं आणि या वेळी आधीच सांगून टाकलं. "हॉटेलच्या मागचा हाय. बारला लागतो, त्यातलाच."

आईनं फडकं उलगडलं. एक शेंडा खुडला, डाव्या तळहातावर ठेवला, टाळी मारली. मग दोन्ही हात नाकाशी धरून डोळे मिटून उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला तर तो आख्ख्या दुपारएवढा वाटला.

"आपलाच हाय," ती म्हणाली आणि खुरपं आणायला गेली. नव्या नळाच्या कडेला तिनं चार मुळ्या लावल्या, मी घागरीनं पाणी घातलं.

पावसाळ्यानंतर घरी गेलो तेव्हा नळाभोवती हात बुडेल एवढा पुदिना होता. निघताना तिनं ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "चटणीला हाय ह्यो. खरंच चटणीला."

त्या दिवशी पुण्यात पोहोचल्यावर मी काउंटरवर गेलो नाही. आधी हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेलो, मिरची-मीठ मागून घेतलं, आख्खी जुडी वाटली आणि मागच्या दाराशी, डब्यांच्या रांगेजवळ उभा राहून आईनं वाटेसाठी दिलेल्या भाकरीशी खाल्ली. मग फोन लावला.

"झाली का चटणी?" तिनं विचारलं.

"झाली."

"कशी झाली?"

"बोटं चाटली," मी म्हणालो, आणि खरोखरच चाटली होती.