खोडावरचा लाल रंग

वाळूजला कंपन्या येत होत्या आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण तापलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आज हसू येतं... तेव्हा जीव टांगणीला लागला होता.

आमच्या कामगार कॉलनीमागं मोकळा प्लॉट होता. शेजारच्या सखुबाई गंगापूरकडच्या, माहेरी मेंढरं राखलेल्या. त्यांनी तिथं शेवगा, सीताफळ, जांभूळ, लिंबू, हाताला येईल ते लावलं, आणि आमच्या आणि मागच्या, दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांनी धुण्याचं पाणी घालून जगवलं.

कर्फ्यूत शहागंजचा बाजार बंद पडला की सगळ्यांच्या घरी तिथल्याच शेवग्याच्या शेंगांचं कालवण. ऐन मे महिन्यातही तिथं सावलीत बसवायचं.

मग नामांतरावरून एक गल्ली बाजूनं, एक विरोधात, असं होऊन गल्ल्यांचं बोलणंच तुटलं... शेंगा तोडायच्या वेळासुद्धा वेगळ्या झाल्या. मागच्या गल्लीतल्या शांताबाई माझ्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसलेल्या, त्याही मान वळवून जायच्या. मीही काही कमी नव्हते म्हणा.

एका दुपारी पाहतो तर प्रत्येक खोडावर लाल रंगात नंबर! सखुबाईंचा चेहरा उतरला. "बाजारात खाटीक पसंत केलेल्या मेंढराला असाच रंग लावतो. ही झाडं गेली बघ," त्या म्हणाल्या.

प्लॉट रस्त्यात जाणार अशी कुणकुण होतीच. मग काय... रेशनचं रॉकेल आणि चिंध्या घेऊन बसलो घासायला. जांभळाच्या पलीकडूनही कुणीतरी घासत होतं. शांताबाई होत्या. माझी बाटली संपलेली पाहून त्यांनी स्वतःची पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी नंबर टाकणारा सरकारी माणूस आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "बाई, ही तोडायची झाडं नव्हती. नंबर म्हणजे झाडांची नोंद, ती असली की रस्ता वळवावा लागतो. तुम्ही नोंदच पुसली की."

मी तर तिथंच मातीत बसले... इतकं हायसं वाटलं. सखुबाई मात्र खमक्या. "मंग टाका की पुन्ना. लई ठळक टाका."

तो नंबर टाकत गेला, शांताबाई रंगाचा डबा धरून मागं. शेवग्यापाशी त्या थांबल्या आणि कित्येक महिन्यांनी माझ्याकडं बघून बोलल्या, "शेंगा निबर व्हायला लागल्यात. उद्या संगंच तोडू."

झाडं वाचली याचा आनंद होताच. पण त्या रात्री मला गाढ झोप लागली ती या एका वाक्यानं...