खुंटीची पाचर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, देवाला तर मुळीच नाही — देवाची मला अजून भीती वाटते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही.

मी कसालकडची, शेतकऱ्याची मुलगी. पंचावन्न-छपन्न साली लग्न होऊन मालवणजवळच्या या गावात आले. थोरले दीर — सगळे त्यांना अण्णा म्हणायचे — सप्त्याला देवळात भजन म्हणायचे. देवळाचा तंबोरा आमच्याच घरी असायचा. अण्णा गायला लागले की माजघरात आमचे हात आपोआप हळू चालायचे. त्यांना दुसरं होतं तरी काय? बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. गाणं होतं.

आणि त्या तंबोऱ्याची एक खुंटी सैल होती. तार लावली की जरा वेळाने ती मागे फिरायची, सूर उतरायचा. "ही खुंटी काय रवणा नाय," असं पुटपुटत अण्णा तिला खडू घासायचे. थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी गप्प. पण मनात यायचं — एवढंच ना? माहेरी कुदळीचा दांडा सैल झाला की पाचर मारायची आणि पाण्यात भिजत ठेवायचा. लाकूड फुगतं, दांडा मग हलत नाही.

सप्त्याच्या पहिल्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. खुंटीच्या कडेने मी बांबूची बारीक पाचर वरवंट्याने ठोकली, वर ओलं फडकं गुंडाळलं. तिन्हीसांजेच्या आधी सोडलं. खुंटी घट्ट बसलेली. किती खूश झाले होते मी — अण्णांना आज बरं वाटेल म्हणून. कुदळीचं भोक लोखंडाचं असतं आणि तंबोऱ्याची दांडी पोकळ लाकडाची, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

देवळात अण्णांनी तार लावायला घेतली. खुंटी फिरेना. त्यांनी जोर केला — आणि दांडी वरपासून अर्ध्यापर्यंत उभी चिरली. देवासमोर, ऐन सप्त्यात, तंबोरा फुटला होता. पाचर सुटून खाली पडली होती. बायका बघायला पुढे झाल्या, तशी मीही झाले आणि तिच्यावर पाय ठेवला. सगळे पांगेपर्यंत मी पाय हलवला नाही, मग ती उचलून कनवटीला खोचली. घरी आल्यावर ती चुलीत घातली.

हे असं का झालं, ते विचारायला सकाळी देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या. मी खांबाआड उभी — आता विचारतील, कुणाच्या हातून झालं. पाकळी पडेल, सगळे माझ्याकडे वळतील. माहेरी धाडतील? की वाळीत टाकतील? पण गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं ते वेगळंच. "बा देवा म्हाराजा, गाणाऱ्याच्या हातून काय चूक झाली आसात, तर उजवो कौल दी."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले.

उजवी पाकळी पडली.

मला सुटल्यासारखं वाटलं — ते लपवत नाही. मग जी धडकी भरली, ती आजतागायत गेलेली नाही. कौल खोटा म्हणू, तर देव खोटा. खरा म्हणू, तर माझ्या पायाखाली काय होतं? का देवाला सगळं ठाऊक होतं, आणि तो मी तोंड उघडायची वाट बघत होता? अजूनही देवळात गेले की मी मूर्तीकडे नीट बघत नाही.

अण्णांनी देवळातलं गाणं सोडलं, मग घरातलंही. पुढे नवा तंबोरा आला, दुसरे कुणी गायला बसले. सप्त्यात भजन सुरू झालं की अण्णा घरामागच्या परड्यात जाऊन उगीच झावळ्या गोळा करत बसायचे.

काही वर्षांनी एकदा मी त्यांना पेज वाढत होते. मान वर न करता ते म्हणाले, "माका माझ्या गळ्याचो गर्व झालेलो गो. खूप इचार केलंय, तेव्हा कळला. तीच चूक. तसांच आसतला, नाय?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले, आणि पेज वाढली.