विहीर मचूळ झाली तेव्हा

वाडीच्या बैठकीचं बोलावणं आलं तसा मी आधी माहेरी, मुखेडला फोन लावला. "आये, मला मीटिंगला बोलावलंय!" आठवीतून शाळा सुटली, तेव्हापासून मला कुणी कशाला बोलावलंच नव्हतं.

"साडी चांगली नेस," आई म्हणाली, "अन् लई बोलू नको."

समुद्राकाठच्या या वाडीत आम्हाला येऊन दोन महिने झाले होते. नवरा जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर कामाला. इथं घरटी एक माणूस देवळात बसतो, तावातावानं भांडतो, आणि ठरेल ते सगळे पाळतात. भाडेकरूंना पहिल्यांदाच निरोप होता. मी लग्नातली साडी काढली. पायऱ्या चढताना छाती नुसती धडधडत होती, आनंदानं.

विषय निघाला विहिरीचा. प्यायच्या पाण्याची एकच विहीर, आणि तिचं पाणी दोन दिवस मचूळ लागत होतं, मीठ टाकल्यासारखं. वाडीचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले, "कोणतरी पहाटे उपसतंय. गोडं पाणी निवांत झिरपू द्यावं लागतं. भसाभसा ओढलं, की खालून समुद्र आत येतो."

पहाटे उपसणारी मीच होते. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर आठ-आठ दिवसांनी येतो. आला की घरातली वाटीसुद्धा रिकामी ठेवायची न्हाई. इथं भरलेली विहीर बघून मला राहवेना. नवऱ्यानं खाणीवरून पत्र्याची मोठाली टिपाडं आणली, मी आठवडाभर कोंबड्याच्या आधी उठून भरत राहिले.

"भाडेकरूच असणार," मागून एक मिशीवाला ओरडला. "बंद करा त्यांना विहीर!"

विहीर बंद म्हणजे वाडी बंद. पुन्हा बोचकं, पुन्हा एसटी. मी उभी राहिले. "म्याच भरलं. पाच टिपाडं. पाणी उद्या असंल का न्हाई, ह्याचा मला भरवसाच येत न्हाई."

"विहीर काय पळून जाणार होती गो?" मिशीवाल्यानं विचारलं.

"आमच्याकडं जाती," मी म्हटलं.

मग माझी घरमालकीण काकी कपाळावर हात मारत म्हणाली, "पाच? आणि मी समजत होते, पोर टिपाडांत लोणची घालत्येय!" देऊळ हसलं. मिशीवालाही हसला.

अध्यक्षांनी विचारलं, "तुझं पाणी गोडं आहे ना?"

"पहिली चार टिपाडं गोडी. शेवटचं जरा मचूळ."

"मग विहिरीला दोन दिवस विश्रांती. तोवर प्यायचं पाणी हिच्या खोलीतून. नंतर पाळ्या लावायच्या. घरटी दोन हंडे सकाळी, दोन संध्याकाळी."

"हिला पण?" मिशीवाल्यानं विचारलं.

"ती घरात राहते ना? मग घरटीच."

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी माझ्या दारात! कळश्या, बाटल्या, कुणाची किटली. मी तांब्यानं मोजून घालत होते, साडीचा पदर चिंब. मिशीवाला कळशी पुढं करून म्हणाला, "नीट भर गो, टँकरवाले!" काकी कडेवरचं नातवंड सांभाळत रांग लावत होती.

संध्याकाळी पुन्हा फोन लावला.

"आये, आपली पाण्याची पाळी लागली. सकाळी दोन हंडे, संध्याकाळी दोन."

"कवा-कवा?"

"रोज."

पलीकडून आई हळूच म्हणाली, "रोज?"

"हाव, आये. रोज."