गुलाबी पत्राची परीक्षा

जालन्याच्या मोंढ्याच्या बाजारात शिरताना उजव्या हाताला, कडुलिंबाच्या बुडाशी, साळूबाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार मेढी, वर पाचटाचं छप्पर, खाली दोन चुली आणि पुढं एक लांब बाकडं. एका चुलीवर भजी, दुसरीवर जिलेबी. छप्पर आजवर दोनदा पेटलं होतं. दुसऱ्यांदा पेटलं तेव्हा बाकड्यावरचं गिऱ्हाईक उठलंसुद्धा नाही. "साळूबाई, तेवढा घाणा काढून घे, मंग विझव," म्हणालं. तिनंही आधी घाणा काढला. मोंढ्यातली माणसं अशी धिराची.

त्या दिवसापासून साळूबाईच्या मनात एकच गोष्ट बसली होती. छपरावर पत्रे टाकायचे. पाच पत्रे लागत होते आणि पाच पत्र्यांपुरते पैसे तिनं तळून तळून जमवले होते.

साळूबाईला अक्षर येत नव्हतं, पण माणूस येत होता. गिऱ्हाईक दुरून चालत आलं की ते काय मागणार हे तिला कळायचं, आणि काय मागितलं यावरून त्याच्या घरी आज काय शिजणार हेही कळायचं. विशेषतः सटोडियांचं. मोंढ्यात माल घेणारे निराळे आणि नुसता भाव घेणारे निराळे. दुसऱ्या जातीच्या माणसाला सरकी डोळ्यांनी पाहायची नसते. पुढच्या आठवड्यात सरकी चढेल की पडेल एवढं बोलायचं, सौदा बांधायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं. अशा माणसाचा सौदा लागला की तो जिलेबी मागतो. बरोबरीत सुटला तर भजी. बुडाला तर नुसता चहा, तोही फुंकर न घालता पितो. हे साळूबाईचं शास्त्र होतं आणि त्यात आजवर चूक निघाली नव्हती.

पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं झाली होती. निजामाचा हाली रुपया जाऊन भारताचा कलदार रुळला होता, आणि कलदारामागोमाग टपालानं शहाणपणही यायला लागलं होतं. कुठल्याशा मोठ्या शहरातून दर गुरुवारी एक गुलाबी पत्र यायचं. नाव 'गरुडदृष्टी'. कोणत्या मालात तेजी येणार, कोणत्यात मंदी, हे त्यात आधीच सांगितलेलं असे. दिवाळीला मोंढ्यातल्या अकरा जणांनी त्याची चार महिन्यांची वर्गणी भरली होती. दवाखान्यातले भालचंद्र कंपाउंडर होते, भुजंग शिंपी होता, असे सगळे आपापलं काम सोडून भावाच्या नादी लागलेले. दुसरं एक पोस्टकार्ड यायचं, 'नफा-नौका' नावाचं. ते स्वस्तातलं. ते म्हातारे रामकिसन दलाल आणि त्यांचे दोघे-तिघे सोबती घेत.

आणि साळूबाईचा नवरा मच्छिंद्र. माणूस सोन्यासारखा. पाणी भरायचा, कांदे कापायचा, सरपण फोडायचा. पण कांदे कापताना त्याचं ध्यान बाकड्यावरच्या बोलण्याकडं असायचं, आणि डोळ्यांत पाणी आलं की ते कांद्याचं की सरकीच्या भावाचं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नसे.

एक दिवस त्यानं गुलाबी पत्राची जाहिरात कंपाउंडरांकडून वाचून घेतली आणि सगळी पाठ करून आला.

"साळू, ऐक. 'गरुडानं झेप घेतली आहे. सरकीकडं पाहा. संयमी लाभेल, उतावळा पस्तावेल.'"

"यात सरकीचं काय सांगितलं?"

"पाहा म्हणलंय की!"

"पाहून काय करायचं? घ्यायची का सोडायची?"

"ते ज्याच्या त्याच्या अकलेवर सोडलंय. पुढं ऐक. पाच जणांची पत्रं छापलीत. एक गृहस्थ लिहितात, गरुडदृष्टी सुरू केल्यापासून माझ्या घरी दूधदुभत्याला तोटा नाही."

"म्हैस कोणत्या गावची, ते लिहिलंय का?"

मच्छिंद्रानं हातातला कांदा कापून संपवला. मग कांद्याची टोपली बाजूला सारून म्हणाला, "मी वर्गणी भरनार. चार महिन्यांची. बरोबर पाच पत्र्यांइतकी हाय."

साळूबाईचा झारा कढईत तसाच राहिला. एक घाणा काळा झाला.

ती भांडली नाही. भांडून मच्छिंद्र ऐकत नसे, फक्त जेवत नसे. ती म्हणाली, "एक महिना थांबा. चार गुरुवार. मी सोता पारखते. गुलाबी खरं निघालं तर पैसे तुमचे. न्हाई निघालं तर पत्रे. कबूल?"

"तू पारखनार? तुला वाचता येतं का?"

"मला वाचायचं न्हाई. मला वाढायचंय."

तिनं चुलीमागं दोन गाडगी मांडली. एक गुलाबीचं, एक पोस्टकार्डाचं. दर गुरुवारी नवं पत्र यायचं, तोवर जुन्या पत्राचा निकाल लागलेला असायचा. तेव्हा गुरुवारी गुलाबीवाल्यानं जिलेबी मागितली की गुलाबीच्या गाडग्यात प्लेटीमागं एक चिंचोका टाकायचा. नुसता चहा मागितला की एक काढायचा. भजी मागितली तर काही करायचं नाही. पोस्टकार्डवाल्यांचंही तसंच. कायदा असा सरळ होता की मच्छिंद्रानंही मान डोलावली.

पहिल्या गुरुवारी गुलाबीच्या सात जणांनी जिलेबी मागितली. सात चिंचोके. रामकिसन दलाल आले, बाकड्यावर धप्पकन बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बुडालो, साळूबाई. नौकेत भोक हाय. चहा दे." त्यांच्या गाडग्यात चिंचोकाच नव्हता, तेव्हा पहिला उसना टाकून मग काढावा लागला.

दुसऱ्या गुरुवारी गुलाबीत सहा पडले, तिसऱ्याला पाच. पोस्टकार्डाचं गाडगं खाली-वर होत राहिलं. एकदा रामकिसननी जिलेबी खाल्ली, पुढच्या गुरुवारी पुन्हा चहा. गुलाबीचा मात्र एकही चिंचोका कधी निघाला नाही. चौथ्या गुरुवारी भुजंग शिंपी आणि आणखी दोघे असे बसले की बाकडं भरलं. पाय पसरून, रस्त्याकडं तोंड करून, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारत. दोन-दोन प्लेटा खाल्ल्या. सहा चिंचोके.

मच्छिंद्रानं गाडगं हलवून पाहिलं. खुळ्खुळ् असा भरगच्च आवाज आला. पोस्टकार्डाच्या गाडग्यात दोन चिंचोके एकमेकांपासून लांब पडले होते.

"बोल," तो म्हणाला.

साळूबाई शब्दाची पक्की. तिनं पैशांची पुरचुंडी काढून त्याच्या हातावर ठेवली. वर छपराकडं पाहिलं नाही. मच्छिंद्र पोस्टाकडं निघाला. चालीत असा काही रुबाब होता की जणू गरुड त्याच्याच खांद्यावर बसला होता.

तो वळणाआड गेला आणि साळूबाईनं जिलेबीच्या पिठाचं पातेलं उचललं. पातेलं जड लागलं. आत पाहिलं तर अकरा जणांच्या हिशेबानं भिजवलेलं पीठ निम्मं शिल्लक.

माणसाला शहाणपण कुठून सुचेल याचा नेम नसतो. साळूबाईला ते उरलेल्या पिठातून सुचलं. गुलाबीवाले अकरा, ती मनात म्हणाली, आणि बाकड्यावर तीन. मग आठ गिऱ्हाईकं गेली कुठं? भावाचं राहू द्या, माझी गिऱ्हाईकं कोणी पळवली?

साळूबाईचं माहेर राजूरचं. तिथल्या गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी तिची आई पेढे विकायची. नवस फेडायला माणसं वाजतगाजत यायची, पेढे वाटायची, आणि लहानपणी साळूला वाटायचं की नवस बोलला की फळतोच. एकदा तिनं आईला तसं म्हटलं, तर आई म्हणाली, "ज्यांचा फळला न्हाई ते पेढे घ्यायला कशाला येतील, येडे?"

साळूबाई झारा हातात घेऊन तशीच उठली. "भुजंगा, चुलीकडं बघ," असं म्हणाली आणि मोंढ्याच्या मागच्या बाजूला चालू लागली.

मागं बैलगाड्यांचा तळ होता. तिथं नंदाबाई नुसता चहा विकायची. कोळशाची शेगडी, चार कपबश्या, आणि गाड्यांच्या आड रस्त्याकडं पाठ करून ठेवलेल्या दोन फळ्या. साळूबाई पोचली तेव्हा त्या फळ्यांवर सात माणसं बसली होती. सगळ्यांची उपरणी नाकापर्यंत. चहाचा घोट घ्यायला उपरणं उचलायचं, घोट घेऊन पुन्हा खाली सोडायचं. आठवा माणूस एका बैलामागं उभा होता. साळूबाई दिसली तसा तो खाली वाकला. तेवढ्यात बैल पुढं सरकला.

"कंपाउंडरसाहेब," साळूबाई म्हणाली, "बैलामागं काय करून राह्यलात?"

"जरा... बैल तपासून राह्यलो."

"तुमी मानसांचे कंपाउंडर ना?"

"आज मानसं कमी आल्ती," भालचंद्र म्हणाले.

नंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "साळूबाई, माझं गिऱ्हाईक हुसकू नको. तुझ्याकडं मानसं दिसायला बसतात, माझ्याकडं न दिसायला. ज्याचा त्याचा धंदा."

"कवापासून येऊन राह्यले हे?"

"दर गुरुवारी एक-दोन वाढतात. बिनसाखरेचा पितात. साखर दिली तर म्हणतात, नको, आज तोंडाला चव न्हाई."

साळूबाई फळीवरच्यांकडं वळली. "सरकी चढनार म्हणलं होतं ना गरुडानं?"

"चढली की," एका उपरण्यातून आवाज आला. "आमी सोडल्यावर."

साळूबाईनं झारा वर केला. "उठा. समदे उठा. जल्दी. पोस्टात चला."

"पोस्टात कशाला?"

"माझा मालक तिथं वर्गणी भरून राह्यला. त्याला तुमची तोंडं दाखवायचीत."

कोणी हललं नाही. भालचंद्र पुन्हा बैल शोधू लागले. तेव्हा साळूबाई म्हणाली, "ठीक हाय. मंग हितूनच एकेकाचं नाव घेऊन हाक मारते. माझा आवाज रामकिसनच्या पेढीपर्यंत जातो, ठावं हाय ना?"

आठ माणसं एका दमात उठली.

मोंढ्यातून जाताना पुढं साळूबाई, हातात झारा, मागं तोंड झाकलेली आठ माणसं, खाली मान घालून, एकामागं एक. हमालांनी पोती खाली ठेवली. एकानं डोक्यावरचं मुंडासं काढून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"सरकी," भालचंद्र उपरण्यातून म्हणाले.

पोस्टात मच्छिंद्र खिडकीपुढं उभा होता. मनीऑर्डरचा फॉर्म लिहून झाला होता आणि त्याचा अंगठा शाईनं निळा झाला होता. तेवढा उमटवायचा बाकी.

"अंगठा वर!" साळूबाई ओरडली.

मच्छिंद्रानं दचकून दोन्ही अंगठे वर केले. मग मागची माणसं पाहिली. "हे कोण? अन् तोंडं का झाकलीत?"

"सोडा उपरणी," साळूबाई म्हणाली. एकेक तोंड उघडं झालं. मच्छिंद्र सगळ्यांना ओळखत होता. महिनाभरात हीच माणसं एकेक करून बाकड्यावरून नाहीशी झाली होती हे त्याला आत्ता उमगलं.

"काय साहेब, लागलं का?" त्यानं कंपाउंडरांना विचारलं.

"बुडालो, मच्छिंद्रा."

"समदेच?"

आठ माना हलल्या. तरी मच्छिंद्राचा अंगठा खाली येईना. तो हळू आवाजात म्हणाला, "पन ते तिघं तर जिंकले ना? दोन-दोन प्लेटा खाल्ल्या त्यांनी. मी चौथा झालो असतो."

साळूबाईनं झारा खाली केला. जिलेबी तिनंच वाढली होती, चिंचोके तिनंच टाकले होते. भालचंद्र म्हणाले, "मीही दिवाळीला तेच म्हणलो. जाहिरातीत पाच जणांची पत्रं होती, म्हणलं सहावं आपलं." पण मच्छिंद्र त्यांच्याकडं पाहतच नव्हता. त्याची नजर फॉर्मवर होती.

खिडकीतले बाबू कंटाळले. "लावता का अंगठा? ह्या पत्त्यावर दिवाळीला अकरा मनीऑर्डरी गेल्त्या. मुदत सरली. दुसऱ्यांदा भरायला एकबी आला न्हाई. तुमीच पहिले."

मच्छिंद्रानं मान वर केली. "एकबी न्हाई? भुजंग शिंपीबी न्हाई?"

"भुजंग आल्ता की, दुसऱ्या दोघांना घेऊन. भरलेली वर्गणी परत मागवता येते का, ते विचारत होते."

आठ माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. आजवर त्यांना वाटत होतं, बुडालो ते आपण आठ जणच.

"मंग जिलेबी का खाऊन राह्यले ते?" मच्छिंद्रानं विचारलं.

"शिंप्याचं तोंड पडलं तर लोक कापड देत न्हाईत," भालचंद्र म्हणाले. "कापायला हात थरथरंल म्हणतात."

मच्छिंद्रानं निळा अंगठा पाहिला, फॉर्म पाहिला, मग साळूबाईला पाहिलं. अंगठा धोतराला पुसला. चांगलाच पुसला, डाग पुढं पाच वर्षं गेला नाही. पुरचुंडी उचलली आणि पोस्टाच्या पायऱ्या उतरून पत्र्यांच्या दुकानाकडं चालू लागला.

पत्रे लांब होते. दोघांत एक, असे आठ जणांनी चार उचलले. पत्रा डोक्यावर घेतला की खालचं तोंड कोणाला दिसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मग ती आठही माणसं मागच्या वाटेनं न जाता मोंढ्याच्या भर रस्त्यानं आली, अगदी ऐटीत, कोणी तर शीळ घालत. पाचवा पत्रा मच्छिंद्रानं एकट्यानं घेतला होता. पुढचं टोक डोक्यावर, मागचं जमिनीवर. खडखडाट असा चालला होता की बैल कान हलवत होते.

बाकड्यावर भुजंग शिंपी तिसरी प्लेट पुढं घेऊन बसला होता. पत्रे आले, साळूबाई आली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, फक्त पाहिलं. भुजंगानं हातातलं जिलेबीचं वेटोळं न खाता प्लेटीत ठेवलं, बोटं धोतराला पुसली, उठला, आणि पाचव्या पत्र्याचं घासत आलेलं टोक उचलून त्याच्याखाली शिरला.